झारीतले शुक्राचार्य

आपल्या पुराणांत जे जे म्हणून मोठे दाते होऊन गेले, ते झाडून सगळे फसवले गेलेले आहेत, ही गोष्ट तुमच्या कधी लक्षात आली आहे का? बळीराजाच्या यज्ञात बटू होऊन आला तो प्रत्यक्ष विष्णू. कर्णाच्या दारात ब्राह्मण म्हणून उभा राहिला तो इंद्र, आणि त्याला भिक्षेत तांदूळ नको होते, कवचकुंडलं हवी होती. हरिश्चंद्राने बिचाऱ्याने स्वप्नात राज्य दिलं, तर विश्वामित्र ते जागेपणी वसूल करायला हजर! वर दक्षिणेची बाकी राहिली म्हणून राजाला बायकोमुलासकट बाजारात उभं राहावं लागलं. थोडक्यात काय, तर अर्जदाराने ओळख खोटी सांगितली, हेतू लपवला आणि मागणी अवाच्या सवा केली. आजच्या कुठल्याही धर्मादाय संस्थेच्या कचेरीत हे तिन्ही अर्ज पहिल्याच टेबलावर बाद झाले असते.

बळीच्या दरबारात हे पहिलं टेबल नव्हतं असं मात्र नाही. त्या टेबलावर शुक्राचार्य बसलेले होते. बटूला बघताक्षणी त्यांनी ओळखलं. राजाला बाजूला घेऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं, की बाबा रे, हा तीन पावलं म्हणतोय खरा, पण ती कोणत्या मापाची हे त्याने सांगितलेलं नाही. राजाने सगळं ऐकून घेतलं आणि तरीही उदक सोडायला झारी उचलली. तेव्हा शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले. पाणी अडलं. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली आणि आचार्यांचा एक डोळा गेला.

तेव्हापासून आपण चांगल्या कामात खोडा घालणाऱ्याला 'झारीतला शुक्राचार्य' म्हणत आलो. मला हा त्या विद्वान माणसावर थोडा अन्यायच वाटतो. कारण त्यांचा अहवाल शंभर टक्के बरोबर होता! अर्जाची इतकी अचूक छाननी पुढे कोणीच केली नसेल. त्यांचं चुकलं असेल तर ते फक्त बसण्याच्या जागेत. राजाच्या कानाशी होते तोवर ते गुरू होते. तोटीत शिरले आणि त्यांची म्हण झाली.

आता तुम्ही म्हणाल, पुराणातली वांगी पुराणात. बळीला पाताळ मिळालं, आपल्याला फार तर पाचशे रुपयांचा चट्टा बसतो. पण प्रश्न तोच आहे. दान देताना फसण्याची भीती किती बाळगावी? आणि बाळगायची झाली, तर तिला बसवायचं कुठे, कानाशी की तोटीत?

हा प्रश्न आमच्या घरात गाजला तो गणपतीपुळ्यामुळे.

गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला देखणा आणि वागायला लबाड. वरून बघावं तर पांढरी वाळू, निळं पाणी आणि पायांशी लाडीगोडी करणारी लाट. आतल्या ओढीचा मात्र पत्ता लागू देत नाही. पाण्यात उतरू नका असं सांगणारे फलक आहेत, शिट्ट्या फुंकणारे जीवरक्षक आहेत, आणि तरीही पर्यटक बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. आम्ही गेलो त्या सकाळी एक गृहस्थ, त्या फलकाच्या खांबालाच शर्ट अडकवून, पोटाचा नगारा सावरत छातीभर पाण्यात उभे होते. तेच गृहस्थ तासाभराने देवळाबाहेर कुठल्याशा शाळेच्या पन्नास रुपयांच्या पावतीपुस्तकासमोर उभे राहून विचारत होते, "संस्था रजिस्टर आहे का? ऑडिट कोण करतं? ऐंशी-जी आहे का?" जिवाचा धोका हसतखेळत पत्करणारा मराठी माणूस पन्नास रुपयांच्या धोक्यापुढे असा एकदम सावध होतो.

आमच्याबरोबर आमचे मेहुणे होते. हे सौ.चे थोरले बंधू. एका बँकेच्या कर्जखात्यात चौतीस वर्षं काढून सन्मानाने निवृत्त झालेले. कर्जखात्यात मुरलेल्या माणसाची एक नजर असते. तो तुमच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, चेहऱ्यामागे जामीनदार उभा आहे का ते पाहतो. देवळात शिरल्यावर या आमच्या मेहुण्यांनी दानपेटीत पाचशे एक रुपये टाकले. दानपेटीला एकही प्रश्न विचारला नाही. पेटीशेजारी आता मोबाइलवरून पैसे भरायचा चौकटी-चौकटींचा कागदही असतो, म्हणजे सुट्ट्या पैशांची सबबही देवाने ठेवलेली नाही.

इथला डोंगरच गणपतीचं रूप, म्हणून प्रदक्षिणा नुसत्या देवळाला नाही, अख्ख्या डोंगराला घालायची, साधारण किलोमीटरभराची. अर्ध्या वाटेवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ भेटले. सदरा झिजलेला पण धुतलेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. नातवाच्या हृदयाची झडप बदलायची आहे, मुंबईला जायचं आहे, काही मदत झाली तर बघा, एवढंच म्हणाले. मेहुणे थांबले. त्यांच्यातला अधिकारी निवृत्त झालेला नव्हता.

"पिवळं रेशनकार्ड आहे?"

"आहे साहेब."

"मग महात्मा फुले योजनेत ऑपरेशन फुकट होतं. पैसे कशाला?"

"ऑपरेशन होईल साहेब. पण मुंबईत महिनाभर ऱ्हायचं कुठं? आम्ही तिघं जाणार. जेवणखाण, जाणंयेणं..."

"हे सगळे झेरॉक्स आहेत. मूळ कागद?"

"हास्पिटलात ठेवून घेतलेत."

"आणि या तारखेवर खाडाखोड कशी?"

त्या गृहस्थांनी तारखेकडे पाहिलं, मेहुण्यांकडे पाहिलं, कागद एकावर एक नीट लावले, पिशवीत घातले, पिशवीला रबर लावलं, आणि "बरं साहेब" म्हणून ते चालू लागले. वादावादी नाही, शिव्याशाप नाहीत. मेहुणे विजयी मुद्रेने म्हणाले, "पाहिलंस? खरा असता तर थांबला असता!"

सौ. काही बोलली नाही. ती मागे वळली, झपझप गेली, आणि त्या गृहस्थांच्या हातात पाचशेची नोट ठेवून परत आली. उरलेली अर्धी प्रदक्षिणा आमची गणपतीभोवती झाली की त्या नोटेभोवती, हे गणपतीच जाणे.

"फसलीस," मेहुणे म्हणाले.

"फसलेही असेन," सौ. म्हणाली. "पण दादा, मी फसले तर पाचशे रुपयांना फसले. तो खरा असता आणि मी दिले नसते, तर तो कितीला फसला असता?"

कर्जखात्याच्या चौतीस वर्षांत हा प्रश्न मेहुण्यांना कोणी विचारला नसावा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं. "मला आजपर्यंत एकाही माणसाने फसवलेलं नाही!"

आता आमच्या मेहुण्यांच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट आहे. त्यात लग्नात आलेला चिनी मातीचा कपबश्यांचा सेट आहे. सहा कप, सहा बश्या, किटली आणि साखरेचं भांडं. पन्नास वर्षांत त्यातल्या एकाही कपाचा कान तुटलेला नाही, टवका उडालेला नाही. पाहुण्यांना ते अभिमानाने तो सेट दाखवतात आणि स्टीलच्या पेल्यातून चहा देतात. "मला कोणी फसवलेलं नाही" हे वाक्य ऐकलं की मला तो सेट आठवतो. कप शाबूत आहेत यात शंकाच नाही. पण त्यातून आजवर कोणी चहा प्यायलेला नाही, हाही हिशेब कुठेतरी मांडायला हवा.

ते गृहस्थ खरे होते की खोटे, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही आणि पुढेही कळणार नाही. दानाचा सगळा घोळ इथेच आहे. देणाऱ्याच्या हातून चुका दोन प्रकारच्या होतात. लबाडाला दिलं, ही एक. खऱ्याला नाकारलं, ही दुसरी. पहिली चूक कधी ना कधी उघडकीला येते. दिसते, टोचते, आणि पुढे वीस वर्षं चहाबरोबर सांगायला किस्सा होते. "अहो, आम्हाला एकाने असा काही गंडा घातला!" या वाक्याने सुरू होणारी मैफल कधी पडत नाही. दुसरी चूक मात्र कधीच दिसत नाही. ज्याला नाकारलं तो रबर लावून निघून जातो. त्याच्या नातवाचं पुढे काय झालं, ते सांगायला तो आपल्या घरी येत नाही. त्यामुळे आपल्या हिशेबाच्या वहीत पहिल्या चुकीची पानंच्या पानं भरलेली असतात आणि दुसरीचं पान कोरंच राहतं. कोऱ्या पानाला आपण 'चूक शून्य' असं समजतो.

कर्जाचंही हेच आहे. न दिलेलं कर्ज कधी बुडत नाही. दिलेलं बुडालं तर अधिकाऱ्याची बढती अडकते; न दिल्यामुळे एखाद्याचा धंदा उभाच राहिला नाही, तर त्यासाठी कोणाची बढती अडकल्याचं ऐकिवात नाही. पण बँकेत निदान व्याज हे ध्येय असतं. दानात आपण बँकेची भीती तेवढी उचलली आणि ध्येय विसरलो.

मग माणूस काय करतो? तो सुरक्षित दान शोधतो. सुरक्षित दानाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. देवळाची पायरी, बागेतला बाक, शाळेतला पंखा. पंखा तर फारच सोयीचा, कारण त्याच्या पात्यावर 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ' असं रंगवता येतं. बटण दाबलं की तीर्थरूप गरगर फिरतात आणि कोणालाच वाचता येत नाहीत, हा भाग निराळा. पंखा पळून जात नाही, दारू पीत नाही, नापास होत नाही. पण शाळा पंख्यावर चालत नाही, मास्तरांवर चालते. आणि मास्तरांच्या पगाराला देणगी द्या म्हटलं की देणगीदार घड्याळाकडे बघू लागतात. कारण मास्तरांवर नाव रंगवता येत नाही, आणि मास्तर काय शिकवतील याची हमीही कोणी देत नाही. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात न्यासाचा पैसा कुठे सुखरूप ठेवावा ते लिहिलेलं आहे. सरकारी रोखे, बँका, टपालखातं. ते योग्यच आहे. पण तो पैसा बाहेर कसा धीराने सोडावा, हे कुठल्या कायद्यात लिहिता येणार? ते विश्वस्तांच्या छातीवर सोडून दिलेलं असतं. आणि छाती ही वस्तू ऑडिटला दाखवता येत नाही.

परत निघालो तेव्हा गाडीत अबोला होता. संगमेश्वराशी आल्यावर तिथल्या शाळेचं नाव निघालं, 'पैसा फंड इंग्लिश स्कूल'. नाव वाचून माझं मन भलतीकडेच गेलं. एक पैसा फंड तळेगावचाही होता. संस्था निराळी, पण नावातली युक्ती तीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाचा एक माणूस गावोगाव सांगत फिरला, की देशात उद्योग उभे करायचे आहेत, तर प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. तेव्हाचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा! लोकमान्य टिळकांसारख्यांनी ही कल्पना उचलून धरली. जमलेल्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला कारखाना काढला, तो कशाचा? तर काचेचा! फुटण्यासाठीच जिचा जन्म, अशी वस्तू निवडून त्यात लोकांच्या देणग्या घालणं म्हणजे शुक्राचार्यांना भोवळ आणणारा बेत. बरं, आपल्याकडे काचकामाचे जाणकार तेव्हा मोजकेच. सुरुवातीला ते काम सांभाळायला ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशात काचविद्या शिकून आलेले गृहस्थ मिळाले. कारखान्यात माल होत होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे माणसं शिकली. तळेगावला काच फुंकायला शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले. किती बरण्या फुटल्या याची नोंद कोणी ठेवली असेल-नसेल. शिकलेली माणसं मात्र फुटली नाहीत.

काळ्यांच्या युक्तीतली खोच अशी, की कारखाना बुडाला असता तरी एकाही देणगीदाराची चूल विझली नसती. धोका मोठा होता, पण तो हजारो लोकांत वाटलेला होता, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक पैशाएवढा आला होता. धोका टाळायचा नाही, वाटून घ्यायचा.

हे मी गाडीत मोठ्याने बोललो असेन. कारण मागच्या सीटवरून मेहुणे म्हणाले, "यात नवीन काय? बँकेतही हेच करतात. काही कर्जं बुडणार हे धरूनच चालायचं. त्यासाठी आधीच तरतूद करून ठेवायची."

"मग दादा," सौ. पुढच्या सीटवरून न वळता म्हणाली, "ती पाचशेची नोट माझी तरतूद होती."

मेहुणे खिडकीबाहेर पाहू लागले. पण अबोला सुटला.

आता मोठी उदाहरणं घ्यायची तर कोकणातच पुष्कळ आहेत. दापोलीकडच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. १८९६ साली हेच गृहस्थ विधवांसाठी आश्रम काढायचा म्हणून वर्गणी मागत निघाले. ज्याला स्वतःच्या गावात पंगतीला बसू देत नाहीत त्याच्या हातात पैसे द्यायचे, यात बुडण्याची भीती तर होतीच, पण दिल्याचं कळलं तर शेजारीपाजारी काय म्हणतील ही दुसरी भीतीही होती. तरीही देणारे निघाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला जमीन दिली. तिथे उभी राहिली ती साधी झोपडी. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव लागलं. ठाकरसींच्या दानतीला उणं आणायचं नाही. त्या काळचे पंधरा लाख म्हणजे केवढी रक्कम! पण मोठी देणगी ही नेहमी उशिराच्या गाडीने येते. पहिल्या गाडीने येतात ते रुपया-दोन रुपये देणारे, आणि काम जगेल की मरेल हे कोणालाच माहीत नसतं तेव्हा ते येतात. पंधरा लाखांना उभं राहायला जी जमीन लागते, ती या लोकांनी बुडीत खात्यावर घेतलेली असते.

आणि विनोद लिहिणाऱ्या माणसाला पैशातलं काय कळतंय, असं जे म्हणतात त्यांच्यासाठी आणखी एक. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आपल्या कमाईतून एक प्रतिष्ठान चालवलं. सुनीताबाईंचा हिशेबातला काटेकोरपणा प्रसिद्ध होता. म्हणजे झारी होती आणि शुक्राचार्यांची नजरही घरचीच होती. १९८०च्या दशकात 'गर्द' नावाच्या पुडीने तरुण मुलं गिळायला सुरुवात केली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून या दोघांनी व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या हातून 'मुक्तांगण' उभं राहिलं. आता विचार करा, कर्जखात्याच्या दृष्टीने जगातला सगळ्यात वाईट अर्जदार कोण? व्यसनी माणूस. तो खोटं बोलतो, कारण खोटं बोलणं हे त्याच्या दुखण्याचंच एक लक्षण. तो शपथ घेतो आणि मोडतो. सुटलेला पुन्हा घसरतो, हे या कामात पहिल्या दिवसापासून धरूनच चालावं लागतं. सगळे बरे होतील याची हमी मागितली असती, तर तो धनादेश आजही टेबलाच्या खणातच राहिला असता. देणाऱ्यांनी पाहिलं ते एवढंच, की काम कोण करणार आहे आणि कशासाठी. ते नीट पारखलं, आणि मग तोटीतून बाजूला झाले.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे डोळे मिटून वाटत सुटावं असं तुमचं म्हणणं दिसतंय. मुळीच नाही. एका ठिकाणी शुक्राचार्यांना मी हात जोडून बोलावीन. बुडणारा पैसा आपला आहे की बुडणारा जीव दुसऱ्याचा आहे, हे आधी पाहावं लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांवर घरी उपचार करायला शिकवलं, अगदी इंजेक्शन देण्यापर्यंत. इथे धोका देणगीदाराच्या खिशाला नव्हता, बाळाच्या जिवाला होता. म्हणून काम कसं केलं? एकोणचाळीस गावांत उपचार, सत्तेचाळीस गावं तुलनेला, आणि प्रत्येक जन्माची, प्रत्येक मृत्यूची नोंद. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा बासष्ट टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. धीर होताच, पण वहीही होती. अमुक गावात दवाखाना काढतो म्हणायचं, दोन वर्षांनी देणगी आटली म्हणून कुलूप लावायचं, आणि तोवर गावकऱ्यांनी जुना वैद्य सोडलेला असायचा, असल्या दानात बुडतो तो देणारा नव्हे, घेणारा. तिथे हजार प्रश्न विचारावेत. गंमत अशी, की आपण नेमकं उलटं करतो. आपले पाचशे रुपये वाचवायला आपण माणसाला खाडाखोडीवरून झापतो, आणि दुसऱ्याच्या आयुष्याशी खेळणाऱ्या थाटामाटाच्या योजनेचं उद्घाटन मात्र नारळ फोडून, हार घालून करतो.

कोकणातल्या बागायतदाराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आंब्याच्या एकेका तुऱ्यावर फुलं शेकड्यांनी, कधी हजारांनीही येतात. टिकणारं फळ एखाद-दुसरं, पुष्कळदा तेवढंही नाही. थंडी कमी पडली, अवकाळी आला, तुडतुडा पडला की मोहोर जमिनीवर. म्हणून बागायतदार हात जोडून बसत नाही. फवारणी करतो, राखण करतो, झाडाच्या आळ्यात खत घालतो. पण प्रत्येक फुलापाशी शिडी लावून 'तू आंबा होणार याची लेखी हमी दे' असं तो म्हणत नाही. म्हटलं असतं तर हापूस आपल्यापर्यंत पोचलाच नसता. निगा वेगळी आणि हमी वेगळी, हे ज्याला कळलं त्याला देता येतं.

तेव्हा आमच्या घरात आता एक रीत पडली आहे. वर्षाच्या सुरुवातीला दानाची रक्कम ठरते. तिचा मोठा हिस्सा ज्यांचं काम डोळ्यांनी पाहिलं आहे त्यांना जातो, आणि तोही पंख्याला नाही, पगाराला. एक लहानसा हिस्सा वेगळ्या पाकिटात राहतो. वाटेत भेटणाऱ्यांसाठी, ज्यांचे कागद तपासायला वेळ नसतो आणि ज्यांच्यावर वेळ आलेली असते. त्या पाकिटावर मेहुण्यांनी, हो, आमच्या मेहुण्यांनीच, आपल्या सुवाच्य बँकेच्या अक्षरात 'बुडीत कर्जांची तरतूद' असं लिहून दिलं आहे. वर्षअखेर त्यातलं काही उरलं, तर ते आता सौ.ला रागावतात. तरतूद वापरली गेली नाही म्हणजे शाखेचं काम थंड पडलं, असं त्यांचं म्हणणं. कपाटातला सेट अजून बाहेर आलेला नाही. पण सगळं एकदम मागू नये.

राहता राहिला शुक्राचार्यांचा डोळा. दोन डोळ्यांपैकी गेला तो कुठला, यावर पुराणिकांचं काय म्हणणं असेल ते असो. मला आपलं वाटतं, की एक डोळा असतो फसवणारा माणूस ओळखणारा आणि दुसरा असतो नाकारलेला माणूस पाहणारा. आचार्यांचा पहिला डोळा शाबूत राहिला. तोटीत बसणाऱ्यांचा दुसरा जातो.